सुपारी फुटली तेव्हा आत कोण होतं

माझ्यासाठी बोलायला आली ती आमच्या समोरची काकू. नात्यातली नाही, आमच्या समाजातलीही नाही. तीर्थपुरीत आमच्या गल्लीचं शेवटचं घर आमचं आणि बौद्ध वस्तीचं पहिलं घर तिचं. मधे एक नाली आणि एक लिंबाचं झाड, म्हणून समोरची. तिच्या ओट्यावर शिलाई मशीन असायची. गावातल्या कितीतरी नवरी मुलींचे ब्लाउज तिनं शिवले आणि त्यांना साड्याही तिनंच नेसवल्या. कॉलर कशी बसवायची ते मला तिनं शिकवलं आणि आज मी त्यावर पोट भरते. पण मी म्हणते ती मदत ही नव्हे. तिची मदत दुसरी होती आणि ती तिला महागात पडली.

ज्याच्यावर माझा फार जीव होता त्या माणसाबद्दल पुढं लिहायचं आहे. म्हणून काकूचं आधी लिहून ठेवते. नाहीतर राग सगळी जागा खाऊन टाकतो.

मी आता हैदराबादला राहते. नवरा ट्रान्सपोर्टमध्ये गाडी चालवतो, मी शाळांचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात बसते. इथं मराठी बोलायला नवऱ्याशिवाय कुणी नाही. मला एक खोड लागली आहे. कुणी काही कबूल केलं की मी ते वाक्य त्यालाच परत म्हणून दाखवते. "म्हणजे उद्या सकाळी येणार म्हणालात ना?" गॅसवाल्याला, दूधवाल्याला, मशीन दुरुस्त करणाऱ्याला, सगळ्यांना. दूधवाला तर मला बघितलं की आधीच म्हणतो, "हौ अम्मा, बोला मैं, सुबू आता बोला, कित्ते बार पूछते?" लोक हसतात. मी पण हसते. पण विचारल्याशिवाय राहवत नाही. शेजारी बाईमाणूस असेल तर तिच्याकडं बघून घेते, तिनं ऐकलं का म्हणून.

ह्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या खोलीत नवीन कुटुंब आलं. त्यांच्या भाड्याच्या करारावर सही करायला कुणीतरी पाहिजे होतं. एजंटनं कागद माझ्यापुढं ठेवला. खाली इंग्रजीत एक शब्द आणि पुढं रेघ. म्हणाला, "विटनेस. इधर साइन करो."

मी विचारलं, विटनेस म्हणजे मी काय करायचं?

"कुछ नहीं करना. तुम देखे, बस."

पण मी काय पाहिलं होतं? त्या दोघांचं काय ठरलं ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, आधी वाचून दाखवा. एजंट वैतागला. शेजारीण ओशाळली. घरमालक म्हणाला, अहो, नुसती सही तर पाहिजे. मी सही करेना. शेवटी त्यानं सगळा कागद हिंदीत मोठ्यानं वाचून दाखवला, पाण्याच्या टाकीपासून भिंतीत खिळा ठोकायच्या नियमापर्यंत. मग मी घरमालकाला विचारलं, "तुम्हाला हे सगळं कबूल आहे ना?" तो हो म्हणाला. शेजारणीला विचारलं. ती पण हो म्हणाली. तेव्हा कुठं मी मराठीत सही केली, सावकाश.

घरी येऊन डिक्शनरी काढली. तिची पुढची पानं फाटलेली आहेत, ए पासून सुरू होणारा एकही शब्द तिच्यात नाही. पण डब्ल्यू शेवटी असल्यानं शाबूत होता. विटनेस. पहिला अर्थ, घडताना पाहणे. दुसरा, पाहिलं ते सांगणारा माणूस. तिसरा, साक्षीदार म्हणून सही करणे. एकाच शब्दाखाली तिन्ही एका रांगेत छापलेले होते, जणू पाहणारा माणूस पुढं होऊन सांगतोच आणि सांगणाराच सही करतो. कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर एक कॉलेज सोडलेली मुलगी बसते. तिला विचारलं तर तिनं आणखी एक वापर सांगितला. बातम्यांत म्हणतात, शहरानं मोठा पूर विटनेस केला. म्हणजे शहर पण विटनेस. मी म्हटलं, शहर बघतं, पण मग शहर सांगतं का कुणाला? ती हसली. म्हणाली, "दीदी, इत्ता मत सोचो. एग्जाम में एकीच मीनिंग पूछते."

एग्जाम म्हणजे माझी दहावीची. त्याचंच सांगायचं आहे.

मी नववीनंतर घरी बसले. वडील मी लहान असतानाच गेले होते आणि त्या साली आईचे गुडघे गेले. शेतात जाणं तिला होईना, घरातलं होईना. शाळेच्या बाईंनी निरोप पाठवला, नुसतं परीक्षेपुरतं ये म्हणून. पण परीक्षेपुरतं जायला सुद्धा अभ्यास लागतो आणि माझे दिवस चुलीपुढं आणि काकूच्या मशीनवर जायला लागले.

मामा वडीगोद्रीचा. हायवेवर त्याचं पाइपांचं आणि मोटारींचं दुकान. वडील गेल्यावर आमच्या घरात कोणत्याही कामाला पुरुषमाणसाचा शब्द लागला की मामा यायचा. सायकल त्यानं शिकवली. नववीत मला गणितात चांगले मार्क पडले तेव्हा दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यानं मार्कशीट दाखवली होती, मोटार घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यांना पण. मला अठरा पुरी होऊन माझं लग्न ठरवायची वेळ आली तेव्हा मी त्याला एवढंच म्हटलं, "मामा, कुठं बी दे. पण दहावीला बसू देतील असं घर बघ."

"एवढंच ना?" तो म्हणाला. "बैठकीत बोलून घेतो. सगळ्यांसमोर."

स्थळ जुन्या जालन्याचं आलं. सासऱ्यांचं कापडाचं छोटं दुकान, धान्याच्या अडतींच्या मागच्या गल्लीत घर. बैठक आमच्याकडं झाली. आमच्याकडं बैठकीत बायका नसतात. ओसरीवर सतरंज्या टाकल्या, दोन्हीकडची पुरुषमंडळी बसली. आई आत चहाच्या पातेल्यापाशी. मी मधल्या खोलीत, आणि खोलीला दाराऐवजी जुन्या साडीचा पडदा. काकू मला साडी नेसवत होती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, ओठांत धरलेल्या, म्हणून ती बोलत नव्हती.

पडद्यापलीकडून सगळं ऐकू येत होतं. देणंघेणं, मानपान, तारीख. मग मामाचा आवाज.

"आणखी एक. पोरगी नववी करून घरी बसली, आईच्या दुखण्यामुळं. हुशार हाये. तिला दहावी करायचीय. तुमच्याकडं आली की बाहेरून बसू द्या."

सासरे म्हणाले, "बसू द्या काय? आम्हीच फॉर्म भरतो की. जालन्यात राहून दहावी न्हाई म्हंजे काय! शब्द दिला."

"ऐकलं का सगळ्यांनी?" मामा मोठ्यानं म्हणाला. "ऐकलं बरं का!"

"ऐकलं, ऐकलं," सगळी ओसरी म्हणाली. कुणीतरी म्हणालं, "मंग फोडा आता सुपारी, चहा गार होऊन राह्यला."

काकूनं माझ्या खांद्यावरची निरी दाबून धरली होती. टाचण्यांमुळं तिला बोलता येईना, तिनं नुसता खांदा दोनदा दाबला. मग अडकित्त्याचा आवाज आला. सुपारी मामानंच फोडली. तिचे तुकडे ताटलीतून फिरले. आमच्या भागात ज्यानं त्या सुपारीचा तुकडा तोंडात टाकला तो त्या बोलण्याला बांधला गेला, असं धरतात. मामा एक तुकडा घेऊन आत आला आणि आईच्या हातावर ठेवला. "घे. तुझ्या लेकीच्या दहावीची सुपारी." आईनं तो खाल्ला नाही. पदराच्या टोकाला बांधला आणि नंतर कुंकवाच्या करंड्यात ठेवला. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "असू दे. पुरावा हाये."

काकूला तुकडा मिळाला नाही. ती बैठकीतली नव्हती.

लग्न झालं. थोड्या दिवसांनी नगरपालिकेत नोंद करायला गेलो तेव्हाही मामा आला. खिशातून स्वतःचा पेन काढून त्यानं साक्षीदाराच्या जागी ऐटीत सही केली आणि मला म्हणाला, "बघ, कायदेशीर मामा!"

पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, यंदा राहू दे, नवीन लग्न आहे, लोक काय म्हणतील. मला ते पटलं. दुसऱ्या वर्षी फॉर्म भरायच्या दिवसांत मी चहा देताना विषय काढला.

"कसला फॉर्म?" सासूबाई म्हणाल्या.

मी सासऱ्यांकडं बघितलं. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबा बशीत चहा ओतत होते. म्हणाले, "शिकायचं असतं तर माहेरीच शिकली असती. आम्ही काय शाळा काढलीय?"

"आबा, तुम्ही शब्द दिला होता."

"कधी?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच आठवत नसल्यासारखे विचारत होते. मला क्षणभर वाटलं, आपणच स्वप्नात ऐकलं का काय. नवरा तिथंच बसून शर्टाचं बटन बघत होता. तो त्या बैठकीत होता, सुपारी त्यानंही खाल्ली होती.

मी मामाला फोन केला. तो म्हणाला, "बराबर हाये तुझं. मी बोलतो आबांशी. तू काळजी करू नको, बाळ." आठवडा गेला. परत केला. "बोलणारच हाये गं, सीझन चालू हाये दुकानात." तिसऱ्यांदा मामीनं उचलला, म्हणाली बाहेर गेलेत. मागून त्याचा खोकला ऐकू आला. मामाचा खोकला मला न ओळखू येणं शक्य नाही.

आईला मी रडत सांगितलं. तिनं काकूला सांगितलं असणार. काकूला अस्तराचं कापड घ्यायला जालन्याला यायचंच असायचं. त्या खेपेला ती अंबडला गाडी बदलून आली आणि बाजारात न जाता सरळ आमच्या घरी आली, पिशवी काखेत, चपला पायरीखाली नीट जोडून. दुपारची वेळ होती, आबा जेवायला घरी आले होते.

सासूबाईंनी तिला ओळखलं नाही. मी सांगितलं, आमच्या समोरच्या काकू. त्यांनी गावातलं घर विचारलं, कुणाच्या शेजारी वगैरे, आणि उत्तर ऐकून त्या जरा मागं सरकल्या. चहा दिला. कोणत्या कपात दिला ते मी लिहीत नाही. काकूच्या लक्षात आलं होतं. तिनं चहा पिऊन कप स्वतः विसळून उंबऱ्याशी पालथा ठेवला आणि मग बोलली.

"आबा, पोरीच्या फॉर्मचं काय केलं?"

"कोणत्या फॉर्मचं?"

"दहावीच्या. सुपारीच्या वक्ताला शब्द दिल्ता तुम्ही."

सासूबाई म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? मी तिथंच होते."

"बैठकीत?"

"आतल्या खोलीत. हिला साडी नेसवून राह्यले होते."

आबा हसले. "मंग बाई, तुम्हाला पडद्यातून दिसलं काय?"

"दिसलं न्हाई. ऐकलं. दिसलं असं मी म्हणतच न्हाई."

"साडी नेसवायला बोलावलं होतं का साक्ष द्यायला?" सासूबाई म्हणाल्या.

काकूनं पिशवीतून रुमाल काढला आणि गाठ सोडली. सुपारीचा तो तुकडा, आईच्या करंड्यातला, कुंकवानं एका बाजूनं लाल झालेला. आईनं पुरावा म्हणून दिला होता. माझी आई तशी भोळी. तिला वाटलं, तुकडा दिसला की माणसाला बोललेलं आठवेल, आणि आठवलं की तो कबूल करील.

सासूबाई हसायला लागल्या. "अगं बाई! आता सुपारी बोलती का काय?"

"ती बोल्ली असती," काकू म्हणाली, "तर मला तीर्थपुरीहून यावं लागलं नसतं."

आबांचं हसू गेलं. ते म्हणाले, "बिलकुल बरोबर. माणसालाच विचारू. ज्यानं सुपारी फोडली त्यालाच." आणि त्यांनी मामाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू यावा म्हणून स्पीकर चालू करून कोनाड्यात ठेवला.

खरं सांगते, मला त्या वेळी आनंद झाला. मला वाटलं, आता सुटलं. आता मामा बोलणार. काकूनं माझ्याकडं बघितलं, तिलाही तसंच वाटलं असणार.

"बोला आबा, काय हुकूम?" मामाचा आवाज. मागं हायवेवरचे ट्रक.

"पाव्हणं, एक सांगा. आपल्या बैठकीत पोरीच्या दहावीचं काही बोलणं झाल्तं का?"

ट्रकचा हॉर्न वाजला. तो संपल्यावरही मामा लगेच बोलला नाही.

"दहावीचं... न्हाई बुवा. तसं काही ठरल्याचं मला तरी आठवत न्हाई. का हो, कुणी काढला विषय?"

मी कोनाड्यापाशी गेले. "मामा, मी हाये. तूच विचारलं होतंस त्यांना. तूच म्हणालास, ऐकलं का सगळ्यांनी."

"अगं बाळ," तो म्हणाला, त्याच आवाजात, सायकल शिकवताना मागून यायचा त्या आवाजात, "बैठकीत माणूस दहा गोष्टी बोलतो. सगळ्या धरून बसायच्या असतात का? घर चांगलं मिळालंय. संसार सांभाळ."

काकू पुढं झाली. "भाऊ, अडकित्ता तुमच्या हातात होता. तुम्ही बोल्ला, ऐकलं बरं का. पडद्यामागं आम्ही दोघींनी बी ऐकलं."

"कोण बोलतंय?"

काकूनं नाव सांगितलं.

"तुमचं काय काम तिथं?" मामा म्हणाला. आणि मग, "आबा, गिऱ्हाईक हाये दुकानात, मी नंतर करतो." फोन बंद झाला.

जिंकल्याचा आनंद आबांनी दाखवला नाही, ताटावर बसले आणि जेवायला लागले. सासूबाईंनी काकूचा कप उचलून बाहेर नेऊन ठेवला. काकूनं सुपारीचा तुकडा परत रुमालात बांधला.

मी तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेले. हातगाड्या, ऑटो, पोती उतरवणारे हमाल, गर्दीतून आम्ही दोघी वाट काढत चाललो. मला वाटलं ती मामाला शिव्या देईल. ती म्हणाली, "आईला सांगू नको त्यानं काय म्हटलं ते. माझ्या तोंडून बी जाणार न्हाई. तिचा भाऊ हाये." मग ती रस्त्याकडेला जुनी पुस्तकं विकणाऱ्यापाशी थांबली, गाइडं आणि कादंबऱ्यांचा ढीग उपसत बसली, आणि तिनं ती फाटकी डिक्शनरी काढली. "तुला इंग्रजी अवघड जातं म्हणत होतीस ना? बाकीचं नंतर बघू." मी नको म्हटलं. ती म्हणाली, "घे गं, माय. मी आले तर काहीतरी झालं असं तरी वाटू दे मला." त्या दिवशी ती अस्तर न घेताच परत गेली.

मामा असं का बोलला ते मला लग्नपत्रिका आल्यावर कळलं. त्याच्या पोरीची सोयरीक त्याच दिवसांत आबांच्या पुतण्याशी जुळत होती आणि ते स्थळ आबांच्या शब्दावर अवलंबून होतं. स्वतःच्या पोरीच्या घरासाठी त्यानं माझा शब्द सोडून दिला. बाप म्हणून त्याचं बरोबर असेल. पण माझा बाप नव्हता म्हणून तर मी त्याला मागितलं होतं. अजूनही सकाळी भांडी घासताना तो हॉर्न संपल्यानंतरचा त्याचा गप्पपणा मला ऐकू येतो. त्या तेवढ्या वेळात त्याला सगळं आठवलं होतं. आठवलं नसतं तर तो पटकन बोलला असता.

तो तिथंच थांबला असता तरी मी कधीतरी विसरले असते. पण काकू खरं बोलली होती आणि ती गावातच राहत होती. तिचं तोंड त्याला रोज दिसल्यासारखं झालं असणार. त्यानं तीर्थपुरीत येऊन चार घरी सांगितलं, ती बाई पोरींचे संसार मोडायला जालन्यापर्यंत जाते. तेवढं पुरलं. हळूहळू लग्नाच्या घरातून तिला साडी नेसवायला बोलावणं बंद झालं. एक बाई आईसमोरच म्हणाली, "तिला आत नका घेऊ बाई, ती ऐकती." ब्लाउजही कमी झाले. ज्यांच्या घरात ती वर्षानुवर्षं टाचण्या तोंडात धरून बसली, त्या घरांचं किती काय तिनं ऐकलं असेल आणि एक अक्षर कुठं सांगितलं नाही. माझं तेवढं सांगितलं, ते पण जिथं सांगायचं तिथंच.

मामाच्या पोरीच्या लग्नाला मी गेले. मामानं मला जवळ घेतलं, डोळ्यांत पाणी आणलं, मोसंबीची पिशवी दिली. तुझ्यासाठी बागेतून आणली म्हणाला. लोक बघत होते. मी पाया पडले. दुसरं काय करता येत होतं?

नंतर नवऱ्याला हैदराबादचं काम मिळालं आणि आम्ही इकडं आलो. एकदा जेवताना तो आपणहून म्हणाला, "बोलणं झालं होतं. दहावीचं. मी ऐकलं होतं." भाजी चांगली झाली म्हणावं इतक्या सहज.

"मंग तवा का न्हाई बोल्ले?"

"आबा समोर होते ना."

मी पोळी वाढली. तो वाईट माणूस नाही. यंदाचा फॉर्म त्यानंच जालन्याला जाऊन भरला, परीक्षेलाही सोडायला येणार आहे. मी ते वाक्य त्याच्याकडून परत म्हणून घेतलं आहे. पण माझी दहावी त्याच्या हो म्हणण्यावर उभी आहे ह्याची मला भीती वाटते. पेपर हातात पडेपर्यंत मला खरं वाटणार नाही. आणि बैठकीत बसलेले, सुपारी खाल्लेले, ऐकलं ऐकलं म्हणणारे इतके पुरुष होते, त्यांच्यापैकी एकानंही कधी मला विचारलं नाही, पोरी, तुझ्या दहावीचं काय झालं. आबांच्या आणि मामाच्या दोन्हीकडचे होते ते.

काकूला मी महिन्यातून एकदा फोन करते. तिची मशीन अजून ओट्यावरच आहे, आता शाळेच्या पिशव्या आणि गोधड्या शिवते. मी नेहमी रडवेली होते, ती नेहमी विषय बदलते. मागच्या वेळी मी तिला विटनेसचं सांगितलं, एजंटला कसा कागद वाचायला लावला ते. ती खूप हसली. "बिचारा! किती घाम फोडला असशील त्याला." मग म्हणाली, "मी खोटं बोल्ले का गं? न्हाई ना? मंग झालं." तिनं मला असं कधी विचारलं नव्हतं. झालं म्हणाली खरी, पण झालेलं नाही, म्हणून तर विचारलं. ज्या गावात ती राहते तिथं ती अजून खोटीच आहे. आणि ती खोटी नाही हे सांगू शकेल असं पडद्याच्या त्या बाजूला दुसरं कुणी नव्हतं, माझ्याशिवाय. आई चहापाशी होती, आणि भावाविरुद्ध तिला बोलवणार नाही.

म्हणून हे इथं लिहून ठेवते. दहावीचं काय होईल मला माहीत नाही, नापास पण होईन, इंग्रजीचं तर नक्की सांगता येत नाही. पण आमच्या भावकीत, मामाच्या घरी किंवा आमच्या गल्लीत, परत कधीतरी सुपारी फुटायची बैठक बसेल. मी त्या दिवशी आत थांबणार नाही. काकूचा हात धरून ओसरीवर जाईन, सतरंजीवर तिला बसवीन, शेजारी मी बसेन, आणि मामा असेल, आबा असतील, सगळ्यांसमोर सांगेन की त्या दिवशी ही खरं बोलली होती, मी तिच्याजवळ उभी होते आणि मी ऐकलं. माझा आवाज कापेल, मला माहीत आहे. इथं खोलीत एकटी म्हणून बघते तेव्हाही कापतो. तरी म्हणेन. काकू, हे मी तुझं फेडणार आहे. कधी ते आज सांगता येत नाही, पण फेडणार आहे.